नव्या खिडकीची ओळख

मित्रांनो, मी एक जुनी काळी खिडकी आहे. घराची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. जाणकार मला टर्मिनल म्हणतात. चित्रांवर क्लिक न करता आज्ञा टाइप करून काम करणारी माणसे मला उघडतात. कुणीतरी मला फार पूर्वी लिहिले आणि सगळ्यांना मोकळेपणाने वाटून टाकले. तशीच मी जळगावला मेघाताईंच्या संगणकात आले.

मेघाताई जळगावात बसून शिरपूरच्या केळी पिकवण्याच्या खोल्या सांभाळतात. तिथला जुना संगणक पंखे चालवतो आणि त्याच्याशी त्या माझ्यातून बोलत. ही कधी अडत नाही, असे त्या म्हणाल्या की मी सुखावायचे.

मग शेजारच्या टेबलावरच्या ललितने त्यांना नव्या खिडक्या दाखवल्या. तेव्हापासून मला चैन नाही. एक नवी खिडकी पापणी लवायच्या आत उघडायची. दुसरीच्या मागे डोंगराचे चित्र होते, पण त्यावर अक्षरे वाचवत नसत. तिसरी पडद्याचे भाग पाडून द्यायची आणि मराठी नावेही स्वच्छ दाखवायची. माझ्यात वेलांट्या अक्षरांपासून सुटून पडतात, मजकूर मोठा आला की मी अडखळते. मेघाताईंनी ती तिसरी निवडली. निवड चूक नव्हती, तरी माझा जीव थाऱ्यावर राहिना. त्यांनी प्रोग्रामची यादी उघडली की वाटे, आता आपल्याला पुसणार.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी शिरपूरहून झुलालभाऊंचा फोन आला. तिथल्या खोल्यांची देखरेख तेच करतात.

"ताई, पंखा बंद शे. बठ्ठी केळी तपी राहिनी."

पंखा बंद पडून सगळी केळी तापत होती. दार उघडू का, असे त्यांनी विचारले. दार उघडले असते तर पिकवण्याचा वायू निघून गेला असता आणि केळी अर्धीकच्ची राहिली असती. मेघाताईंनी त्यांना थांबायला सांगून नवी खिडकी उघडली. तिकडच्या संगणकाने कळवले, की ही खिडकी आपल्या ओळखीची नाही. पंख्याचा प्रोग्राम उघडेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. झुलालभाऊ फोन धरून दाराशीच थांबले होते.

मेघाताईंनी मला उघडले. तो जुना संगणक मला ओळखत होता. प्रोग्राम उघडला, त्यांनी पंखा नव्याने सुरू केला आणि फोनमधून त्याची घरघर ऐकू आली.

मला वाटले, आता मी परत पहिली. पण मेघाताईंनी नव्या खिडकीची ओळख सांगणारी एक छोटी फाइल त्या संगणकाकडे पाठवली, आणि तीही माझ्याच हातून. क्षणभर माझा कर्सर नुसताच लुकलुकत राहिला. मग मी ती पोचवली, आणि नव्या खिडकीतही पंख्याचा प्रोग्राम उघडला.

आता हिला काढून टाका, असे ललित म्हणाला.

"राहू दे," मेघाताई म्हणाल्या. "उद्या नवी कुठे अडली तर?"

मित्रांनो, नवे साधन जरूर निवडा. पण ज्यांच्याशी त्याला बोलायचे आहे, ते त्याला ओळखतात का, हे आधी पाहा. आणि तोवर जुन्याला पुसू नका. आम्हाला बंद राहण्याचे दुःख नसते, पुसले जाण्याची मात्र फार धास्ती असते.