वेलबुट्टीचा स

पौडच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवर प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा इस्माईल मास्तरांनी पुण्याच्या कचेरीकडे पाट्या, पेन्सिली आणि एक कंदील मागितला होता. पावसाळा उलटल्यावर बैलगाडीतून आल्या त्या तसबिरी.

कुठल्याशा जुन्या पोथीतल्या नक्षीदार अक्षरांच्या त्या छापील नकला होत्या, सोनेरी चौकटीत, काचेखाली. ‘अ’च्या पोटात मोर शिरला होता. ‘स’ला वेलीनं असा विळखा घातला होता, की त्याच्या सुटकेची आशा नव्हती. ‘क’ म्हणजे दोन हत्ती, हे सोबतच्या चिठ्ठीवरून कळत होतं. निरक्षरांना अक्षरांची गोडी लागावी, असा कचेरीतल्या साहेबांचा उदात्त हेतू होता. काचेला हात लावू नये, हेही चिठ्ठीत होतं.

मास्तरांनी कोंडीबाच्या पडवीत तसबिरी टांगल्या आणि ‘अ’पुढं काठी धरली. “हे काय आहे?”

“मोर,” सगळा वर्ग म्हणाला.

“मोराच्या मागं काय आहे?”

“पिसारा,” साळूबाई म्हणाली.

आठवडाभरानं कोंडीबा म्हणाला, “मास्तर, मोर आमी रानात रोज बघतुया. त्येच्यापायी हितं कशाला बसायचं?” पडवी त्याचीच होती, तरी तो उठून गेला. मागोमाग बाकीचे गडीही गेले.

बायका मात्र राहिल्या, त्यांत सखूही होती. ती रानातला हिरडा गोळा करून पौडच्या सहकारी संस्थेत विकायला घालायची. तिथला कारकून पैसे देताना दर वेळी तिचा अंगठा धरून शाईत दाबायचा, जणू तो त्याच्याच मालकीचा. तिला ते नको होतं.

मास्तरांनी कोळशानं भिंतीवर साधा ‘स’ काढला. सखूनं तो पाहिला. “ह्यो उघडाबोडका? मला त्यो वेलाचाच पायजे.”

तिनं वेलाचाच गिरवला. ‘ख’ मात्र तसबिरींत नव्हताच. त्यामुळं तो तिला एका संध्याकाळीत आला.

मग साहेब जीपमधून तपासणीला आले. त्यांनी साळूबाईला ‘अ’ दाखवला. “मोर,” ती म्हणाली. लोकांची सौंदर्यदृष्टी जागी झालेली पाहून साहेब गहिवरले आणि त्यांनी तसबिरींचा दुसरा संच मंजूर केला.

पुढच्या बाजारी कारकुनानं अंगठ्यासाठी हात पुढं केला, तेव्हा सखूनं आपला मागं घेतला. “म्या सही करनार हाय.”

तिनं ‘स’ उभा केला. त्याला वेल काढली, वेलीला पानं, पानांआड कळी. मागं रांग खोळंबली.

“बाई, नाव लिहायचंय. गोधडी शिवायची नाही.”

“तुमचा कागुदच ल्हान हाय,” सखू मान वर न करता म्हणाली. वेल शेजारच्या, रांगेत तिच्या मागं उभ्या असलेल्या धाकलूच्या रकान्यात गेली होती. शेवटी तिनं साधासुधा ‘खू’ लिहिला.

कारकुनानं कागद डोळ्यांजवळ नेला. “हे ‘खू’ कळतंय. त्याच्या आधीचं झाड काय आहे? ही सही चालायची नाही. अंगठा द्या.”

“मंग दुसऱ्यांदा काढती,” सखू म्हणाली आणि टाक शाईत बुडवला.

“घ्या ओ साहेब ती सही,” रांगेतून दोघंतिघं एकदम म्हणाले. “आमाला घरी जायाचंय.”

कारकुनानं कागद ओढून घेतला आणि पुढच्याला बोलावलं. धाकलू पुढं आला, शाईत अंगठा बुडवून मोकळी जागा शोधू लागला, आणि ती न सापडल्यानं त्यानं एका पानावरच तो उमटवला.

“नीट लाव,” सखू त्याला म्हणाली. “कळी मोडंल.”