कोरं की तयार

"बाई, कापड शिजायची वाट बघताय का?" साहेब दारातून म्हणाले. "माल सोडवायला आलेला दलाल सकाळपासून बाहेर बसलाय."

"आणखी एकदा बघते," बाई म्हणाल्या आणि साबणाच्या उकळत्या पाण्यात हिरव्या कापडाचा तुकडा तिसऱ्यांदा सोडला.

कस्टमच्या तपासणी खोलीत बाईंची एकतीस वर्षं गेली होती. नियम तसा सरळ होता. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं तागाचं कोरं कापड परवान्याशिवाय देशात येत नसे. पक्क्या रंगाचं, तयार कापड शुल्क भरलं की येई. मग काही व्यापारी कोऱ्या कापडाला कच्चा रंग फासून 'तयार' म्हणून आणत. असा रंग दोन उकळ्यांत पाण्यात उतरतो. ती लबाडी पकडण्यात बाईंची हयात गेली होती. तागाच्या धुळीनं घसा कायमचा बसला होता, आणि हल्ली दुपारनंतर भिंगातले धागे एकात एक मिसळत.

आज पाणी स्वच्छ होतं. तिन्ही वेळा.

काल संध्याकाळी दादा घरी आला होता. बाईंचा थोरला भाऊ, तागाच्या गिरणीत मागावर काम करणारा. चपला काढता काढताच म्हणाला, "चिमे, तुमच्याकडे हिरवं कापड आलंय म्हणे."

"आलंय."

"पडद्याचं. आम्ही विणतो तसंच, पण स्वस्त. ते आत आलं की आमची विणायची दोन खाती बंद. मॅनेजरनं तोंडावर सांगितलंय." त्यानं चपला भिंतीशी सरकवल्या. "तू रंग कच्चा आहे म्हणून लिही. अडकून पडेल काही महिने. तेवढ्यात आमचा माल निघून जाईल."

"कच्चा असला तर लिहीनच की."

"आणि नसला तर?"

बाई म्हणाल्या, "चहा घे, गार होतोय."

वडील गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. तो मागावर उभा राहिला म्हणून चिमी शाळेत बसू शकली. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. कालही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नाही म्हणायला सोपं गेलं असतं. त्यानं चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

बाईंनी चिमट्यानं तुकडा बाहेर काढला, पांढऱ्या फडक्यात दाबून जोर लावून घासला. फडकं पांढरंच राहिलं. त्यांनी भिंगाखाली सूत पाहिलं. रंग धाग्याच्या पोटापर्यंत गेला होता. वीणही एकसारखी, कुठे गाठ नाही.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

"तयार कापड आहे."

"मग लिहा आणि मोकळ्या व्हा."

लिहायला चार शब्द होते. तरी बाईंना वेळ लागला. सही करून कागद साहेबांकडे दिला, हात धुतले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट दादाच्या घरी गेल्या. दुसऱ्या कुणाकडून त्याला कळायला नको होतं.

दादा ओट्यावर बसला होता. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "रंग पक्का निघाला, दादा. मी तसंच लिहिलं."

वहिनी आतून बाहेर आली आणि तशीच आत गेली.

"तीनदा उकळलं," बाई म्हणाल्या.

"तू एकदा उकळलं असतंस तरी मला पटलं असतं," दादा म्हणाला. "जा घरी. दमलेली दिसतेस."

गिरणीची दोन्ही खाती चौथ्या महिन्यात बंद झाली. दादा यायचा थांबला. भांडण असं काही झालं नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. वहिनीचा अधूनमधून फोन येई. तब्येतीचं विचारी, आणि दादा झोपलाय म्हणे. मग दुपारचे बारा का वाजलेले असेनात.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी बाई नमुने घ्यायच्या खिडकीशी बसल्या असताना रांगेत त्यांना दादा दिसला. खांद्यावर कापडाचं थान, अंगात आयात कंपनीचा करडा शर्ट. खिडकीवरच्या शिपायाला बाजूला घेऊन बाई हळूच म्हणाल्या, "तो सहावा माणूस माझा भाऊ आहे. त्याला पुढे बोलवा, थान जड आहे."

शिपाई जाऊन परत आला. "ते नाही म्हणतात. नंबरानं येतो म्हणाले."

मग बाईंनी एकेकाचे कागद पाहिले, शिक्के मारले. घाई केली नाही. घाई केली असती तर ती दादाला कळली असती.

त्याचा नंबर आला. त्यानं थान खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, कागद पुढे सरकवले.

"गोदामात लागलोय," तो म्हणाला. "विणीतले दोष बघायचं काम. बसून असतं."

"बरं आहे ना?"

"कापड चांगलं येतं."

बाईंनी कात्री घेतली. कडेवर सरळ रेघ शोधत त्या वाकल्या. दादानं न सांगता थानाचा कडेचा पदर दोन्ही हातांनी ताणून धरला, धागा सरळ येईल असा, आणि त्या कापेपर्यंत तसाच धरून उभा राहिला.