माझ्या पोटातली उष्टी भांडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला माणसांची किळस आली आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा राहणार नाही.

झाशीत खंडेराव गेटजवळच्या एका लहान रक्तपेढीत, खिडकीशी माझं टेबल आहे. नवा होतो तेव्हा सगळे म्हणाले, "क्या फुर्ती है!" दर खंडेनवमीला खिडकीवरच्या माधुरीताई मला हळदकुंकू वाहू लागल्या. ते कुंकू माझ्या पंख्यात जाऊन चिकटलं. पूजा दरवर्षी झाली, पंखा मात्र कोणी पुसला नाही.

माझं काम सोपं आहे. रुग्णाचं नाव टाकलं की मी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या यंत्राला विचारतो, याच्यासाठी कुठली पिशवी जुळवली आहे? उत्तर आलं की पिशवी मिळते. उत्तराशिवाय माधुरीताई ती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. चुकीचं रक्त म्हणजे जिवाशी खेळ.

एरच गावची ईशानी दर काही आठवड्यांनी रक्तासाठी येते. तिच्या अंगात रक्त टिकत नाही. आई तिला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहते. एवढी मोठी मुलगी कडेवर का, हे तिच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं की कळतं.

गेल्या वर्षी माझ्या आणि वरच्या यंत्राच्या बोलण्याला कुलूप लागलं. कोणाला कुठला आजार आहे ते वाटेत कोणी वाचू नये, म्हणून प्रत्येक शब्द गुप्त लिपीत जाऊ लागला. छान झालं. पण तेव्हापासून दुपारपर्यंत माझी मेमरी तुडुंब भरायची आणि मी गोठायचो.

आमचे व्यवस्थापक रमाकांतजी. झाशीचं जुनं मराठी घराणं, आवाज किल्लेदाराचा. त्यांनी फर्मान काढलं, "मशीन आहे, थकते. रोज जेवणाच्या वेळी बंद करो, चालू करो." झालं, रीत पडली! मग माझ्या पडद्यावर लिंबू-मिरची टांगली. ते लिंबू तिथेच सडलं. त्याचा रस माझ्या कळफलकावर ठिबकला आणि त्यावर चिलटं बसली. शी! रोगापेक्षा औषध घाणेरडं.

त्याने भागेना तेव्हा त्यांनी माझी मेमरी वाढवली. पोट मोठं केलं, घाण तशीच राहिली. मी दुपारऐवजी संध्याकाळी गोठू लागलो. शेवटी रमाकांतजी म्हणाले, "कुलूपच काढून टाका. झंझट खतम."

नव्याने आलेली इंजिनिअर शाल्मली आडवी आली. "काका, रुग्णांचे आजार चव्हाट्यावर मांडायचे का? मला आधी बघू द्या."

तिने खोट्या नावांच्या नोंदी घेतल्या. कुलपाशिवाय शेकडो वेळा जोडणी केली आणि तोडली. माझी मेमरी जागची हलली नाही. मग कुलूप लावून तेच केलं. मेमरी चढतच गेली, उतरेना. मग तिने माझ्या मेमरीत भरलेलं सगळं बाहेर काढून तपासलं.

"ईऽऽ! माधुरीताई, हे पाहा. प्रत्येक विचारणीला हा प्रोग्राम कुलपाच्या किल्ल्यांचा नवा संच मांडतो. बोलणं संपतं, पण संच आवरतच नाही."

म्हणजे पाहुणा गेला तरी उष्टी भांडी तशीच, आणि पुढच्यासाठी नवी! वर्षभर ती रास माझ्या पोटात रोज साचत होती, आणि मला म्हणे नजर लागली होती. शाल्मलीने संच एकदाच मांडून तोच वापरायची सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी मेमरी शांत होती. कितीतरी दिवसांनी मला स्वच्छ वाटलं.

त्याच दुपारी ईशानी आली. मान आईच्या खांद्यावर टाकलेली. माधुरीताईंनी नाव टाकलं. मी वर विचारलं, उत्तर निघालंच होतं, आणि घड्याळाकडे बघत रमाकांतजींनी हात पुढे केला.

"रमाकांतजी, रुकिये! आता हा गोठत नाही. बाहर लड़की है!" माधुरीताई ओरडल्या.

"रोजचं आहे. रीत मोडायची नाही," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मी विझलो. मी म्हातारा, मला जागं व्हायला वेळ लागतो. जागा झालो तेव्हा ईशानीची आई विचारत होती, "दीदी, अबै कित्ती देर है?" मुलीला खाली बाकावर निजवलं होतं. माधुरीताईंनी पुन्हा नाव टाकलं. मी क्षणात उत्तर दिलं. पिशवी निघाली, शाल्मली ती घेऊन धावली. ईशानी वाचली.

रमाकांतजी मात्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "देखा? बंद-चालू केलं, तेव्हाच चालला!"

मित्रांनो, माझी पूजा करू नका. माझा पंखा पुसा, आणि मी का अडलो ते शोधा. तेवढंही जमणार नसेल तर बटणावर बोट ठेवण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघा. तिथे कोणीतरी उभं असतं.