घरचा नमुना

पेशींची बँक म्हटलं की लोक हमखास व्याजदर विचारतात. या विनोदाचा मला वीट आला आहे. पण व्याज मिळतं हे खरंच. माणसाच्या कातडीचा इवलासा तुकडा उबेत ठेवून नीट खाऊपिऊ घातलं की त्यातल्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. मग त्या नळ्यांत भरून टाकीत गोठवायच्या आणि संशोधक मागतील तशा पाठवायच्या.

बँक उभी केली तेव्हा टाक्या आल्या, मायक्रोस्कोप आले, माणसं मात्र येईनात. आम्हाला निरोगी माणसाची कातडी हवी होती, आणि निरोगी माणूस सुईपुढे कशाला बसेल? दादाला तर नुसत्या कल्पनेनेच घाम फुटला. वहिनी मात्र बाही वर सारून बसली. दादा म्हणाला, घ्या, आमच्या घरातला नमुनाच मिळाला तुम्हाला. तिघंही पोट धरून हसलो.

नळ्यांवर नाव नसतं, आकडा असतो. कोणता आकडा कोणाचा, हे फक्त मला ठाऊक. पेशींत काही सापडलं तरी ते देणाऱ्याला कळवायचं नाही, हा नियमही माझाच. लोक उगीच घाबरतात, असं माझं म्हणणं. हा नियम लिहिताना स्वतःच्या शहाणपणाचं मला फार कौतुक वाटलं होतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका प्रयोगशाळेतून फोन आला. तुमचा एक निरोगी नमुना निरोगी नाही, म्हणाले. पन्नाशीच्या आसपास आधी हात ऐकेनासे होतात, मग जीभ, मग डोकं, असा तो आजार. औषध नाही. आईला असला तर मुलाला यायची शक्यता निम्मी. मी आकडा पुन्हा विचारला, मग तिसऱ्यांदा विचारला. आकडा वहिनीचाच होता.

मी मूग गिळून बसले. नियम आहे ना, मग झालं. दादाच्या लेकीच्या, माझ्या भाचीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण मुलाचं नाव काढत नव्हती. म्हणजे घाई नाही, असं मी स्वतःला समजावलं. दादाकडे जेवायला गेले की वहिनी वाढताना मी चोरून तिच्या हाताकडे बघायची. तो स्थिर दिसला की बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायची.

परवा वहिनी अचानक बँकेत आली. म्हणाली, माझ्या पेशी दाखव. मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाली, एवढीशी दिसते की मी, आणि तुझा दादा मला जाडी म्हणतो. मग खुर्चीत बसून तिने हळूच सांगितलं, की लेकीला दिवस गेलेत.

मला पुढे गप्प राहवेना. दार लावून मी सगळं सांगून टाकलं.

वहिनी रडली नाही. कातडी काढली होती त्या दंडावरून तिने हात फिरवला.

"माझी आई तशीच गेली," ती म्हणाली. "लोक वेड लागलं म्हणायचे. तुमच्या घरात मी कधी बोलले नाही, फक्त पोरीला सांगितलं. तपासून घ्यायचा धीर नव्हता मला. तू कातडी मागितलीस तेव्हा म्हटलं, बरं झालं. काही निघालं तर नणंद सांगेलच."

"वहिनी, नियम होता."

"नियम परक्यांना असतात गं." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "पोरगी मूल नको म्हणत होती. या हिवाळ्यात मीच तिला म्हटलं, आत्या काही बोलली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे."

माफी मागितली असती, पण ती मागायची कोणाकोणाची?

वहिनीने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, माझ्या तोंडून निघणार नाही, तूच सांग.

भाचीने लगेच उचलला.

"आत्या! आईने सांगितलं ना? कधी कळलं तुला?"

"हिवाळ्यात," मी म्हणाले.