सात वाजताची नोंद

प्रणीतला वर्गात मीच नेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी साळसूद समजायला नको. प्रणीत माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही निपाणीचे, पण नोकरीला दोघंही दूरच्या मोठ्या शहरात. तो सर्जापूर रोडवरच्या एका आयटी कंपनीत, आणि मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, यंत्रांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते तपासायला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शोधल्याबद्दल बोलणी खायची, असं ते काम.

वर्गाला नाव नव्हतं. पाटी नाही, पत्रक नाही, इंटरनेटवर शोधलं तर अक्षर सापडायचं नाही. त्याचीच आम्हाला ऐट होती. मला त्यात ओढलं रक्षिताने. ती आमच्याच कंपनीत, माणसं नेमणाऱ्या खात्यात होती. माझी ठरलेली बढती माझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाला दिली, त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ती शेजारी येऊन बसली. सहानुभूती वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, की तुझं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतलं, असं शेवटचं कधी झालं होतं? भर बसमध्ये डोळे भरून आले. बढतीची यादी तिने माझ्याआधी पाहिलेली असणार, हे डोक्यात यायला मला दोन वर्षं लागली.

रविवारी तिच्या फ्लॅटवर गेले. सहा-सात माणसं, चहा, खाली सतरंजी. प्रवचन नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी फोन बंद ठेवून ऐकायचं. चौतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईचं बोलणं मधेच न तोडता ऐकणारी माणसं जगात आहेत, याचंच मला अप्रूप. मग एकेक नियम आला, आणि प्रत्येक इतका लहान की नाही म्हटलं तर आपणच खुळ्या ठरू. इथलं घरी बोलायचं नाही, लोक हसतात. मोठा निर्णय आधी वर्गात विचारायचा. आणि रोज संध्याकाळी सातला नोंद करायची. म्हणजे त्यांनी दिलेल्या अ‍ॅपवर पाच मिनिटं बोलायचं, आज कोणापासून काय लपवलं ते. तेही मातृभाषेत, कारण दुसऱ्या भाषेत माणूस नटून बोलतो. बोललेलं आपोआप पुसलं जातं, कोणी ऐकत नाही, असं सांगितलं होतं.

आणि पुढच्या रविवारी रक्षिता हळूच कानाशी येऊन नेमकं तेच म्हणायची, जे आपण त्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून बोललेलो असू. घाबरून विचारलं तर म्हणायची, सरांना दिसतं. वर्ग ज्यांनी सुरू केला ते हे मोठे सर शहराबाहेर, होसकोटेच्या पुढे कुठेतरी राहायचे. मी त्यांना दोनदाच पाहिलं, तेही लांबून. पण त्यांना माझ्या पोटातलं दिसतं, यावर माझा ठाम विश्वास बसला. माझ्यासारख्या, मिलीमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या बाईचा.

दोन वर्षांनी मला वरची पायरी मिळाली आणि सगळं उघडं पडलं. सरांना काही दिसत नव्हतं. नोंदी पुसल्या जात नव्हत्या. प्रत्येक भाषेचे श्रोते नेमलेले होते. ते ऐकायचे आणि पाच ओळी इंग्रजीत लिहून रक्षिताला पाठवायचे. रक्षिता म्हैसूरकडची, तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून वर्गातल्या चार मराठी माणसांसाठी आता मी. नवीन माणसाला सायकल शिकवताना मागून धरावं लागतं, तसंच हे, असं तिने समजावलं. मी त्याच क्षणी उठून चालू पडायला हवं होतं. लाज वाटते सांगायला, पण मला अभिमान वाटला. इतक्या माणसांतून मला निवडलं, एवढंच डोक्यात होतं.

श्रोता व्हायचं तर आपलं एक माणूस वर्गात असावं लागे. मी प्रणीतला आणलं. वडील, म्हणजे आमचे अप्पा, गेल्यापासून तो गप्प गप्प असायचा, बरंच होईल म्हटलं. महिन्याभरात त्याचा आवाज माझ्या कानात आला. तो फोनबद्दल बोलत होता.

त्या फोनची गोष्ट अशी. अप्पा निपाणीच्या दवाखान्यात वारले तेव्हा जवळ मी एकटी होते. डॉक्टरांनी चादर तोंडावर ओढली. माझ्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून मी अप्पांच्या फोनवरून प्रणीतला लावला. तो मीटिंगमध्ये होता, त्याने कट केला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्याने विचारलं, की अप्पांना त्या वेळी काय सांगायचं होतं? तो उशिरा पोचल्याचा राग माझ्या डोक्यात होता. मी म्हटलं, ते आता तुला कुठून कळणार. एवढं एकच वाक्य. नंतर सांगू, नंतर सांगू करत ते तसंच राहिलं. मरताना बापाने फोन केला आणि आपण तोडला, हे उरावर घेऊन माझा भाऊ दोन वर्षं जगत होता. नोंदीत तो पुन्हा पुन्हा वेळ सांगायचा, एक वाजून पंचवीस मिनिटं, आणि हुंदके द्यायचा.

आणि मी काय केलं? सवयीने पाच ओळी लिहिल्या. सगळं लिहिलं, फक्त त्याचा समज खोटा आहे हे लिहिलं नाही. पुढच्या रविवारी रक्षिताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तो फोन अजून वाजतोय ना? प्रणीत तिच्या पायाशी कोसळला. मी समोरच सतरंजीवर बसले होते, आणि बसूनच राहिले.

त्यानंतर तो आमचा राहिला नाही. सोनमशी ठरलेलं लग्न त्याने वर्गात विचारून मोडलं. आठ महिन्यांनी एका बुधवारी मला येऊन म्हणाला, की राजीनामा दिला, शनिवारी दुपारी रक्षितासोबत निवासात जातोय. निवास म्हणजे होसकोटेच्या पुढे सरांची जागा. एकदा आत गेलं की तीन वर्षं फोन नाही, घर नाही. त्याला परदेशी नोकरी लागली असं आईला सांगायचं, हे काम माझ्याकडे. तिथे गेलेलं माणूस तीन वर्षांनी परत आलेलं मी एकही पाहिलं नव्हतं.

गुरुवारी ठरवलं, की रक्षिता एकला येणार आहे, तर आपण बारालाच त्याच्या फ्लॅटवर जायचं आणि दोन्ही गोष्टी सांगायच्या. सरांना दिसत नाही, तुझी नोंद मी ऐकते. आणि तो फोन अप्पांचा नव्हता. ठरवलं, आणि सात वाजता नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले, आणि नोंद केली. शनिवारी भावाला थांबवणार आहे म्हटलं. त्यासाठी वाटेल ते सांगेन, वेळ पडली तर खोटंसुद्धा, असंही म्हटलं. श्रोत्यांनाही नोंद चुकत नसे, आणि आपली कोण ऐकतं हे विचारायचं नसे. कट करायचा आणि त्यांनाच सांगायचा, असला गाढवपणा आमच्या वर्गातलीच माणसं करू जाणोत. तीन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की बोलून मोकळी झाले आणि शांत झोपले.

शनिवारी बाराला दार उघडलं ते रक्षिताने. प्रणीतची बॅग सोफ्याशी तयार होती. तिने मला कन्नडमध्ये बस म्हटलं, पाणी दिलं, आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसली. तरी मी मराठीत बोलायला सुरुवात केली. तिला कळत नव्हतं, तेवढाच काय तो आधार.

"प्रण्या, सरांना काही दिसत नाही. तुझी नोंद मी ऐकते. ऐकते आणि हिला लिहून देते."

"ठाऊक आहे अक्का," तो म्हणाला. "चार महिने झाले. तुझी मी ऐकतो."

रक्षिता माझ्याकडे पाहत होती. भाषा कळत नसली तरी आमचं कुठवर आलंय हे तिला ठाऊक होतं. गुरुवारचं माझं बोलणं प्रणीतनेच पाच ओळींत तिला दिलं होतं.

मग मी फोनचं सांगितलं. माझी बॅटरी, अप्पांचा फोन, चादर, सगळं. त्याचा चेहरा क्षणभर हलला, असं मला वाटलं. मग तो पुन्हा तसाच झाला, वर्गात बसतो तसा.

"तीन वर्षांच्या नोंदीत हे एकदाही नाही," तो म्हणाला. "तुझ्या सगळ्या जुन्या नोंदी ऐकल्यात मी. कुणाकुणाचा हेवा केलास, आईशी काय खोटं बोललीस, सगळं आहे. हे तेवढं नाही. आणि परवा तूच म्हणालीस की, खोटंसुद्धा सांगेन."

खरं तेवढंच एक मी कधी बोलले नव्हते. दंडाला धरलं तर त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, न रागावता. त्याने मारलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं. निघताना रक्षिता दारात थांबली आणि मायेने म्हणाली, "नोंद चुकवू नकोस. श्रोत्यांचं काम निवासातही चालतं. तुझं रोज प्रणीतच ऐकेल."

म्हणजे मला वर्ग सोडायची सोय राहिली नाही, हे तिला दाखवायचं होतं. पण नोंदीत नाही ते खरं नाही, असं तोच म्हणाला होता. मग मी नोंदीत घालायचं ठरवलं. त्या संध्याकाळी सातला बसले आणि दवाखान्यातली दुपार सुरुवातीपासून सांगितली. आईच्या कपाटात अप्पांची फाईल आहे म्हटलं, त्यात डॉक्टरांचा कागद आहे, त्यावर वेळ आहे, एक वाजून दहा. तुझा एक पंचवीस. प्रण्या, पंधरा मिनिटं आधीच ते गेले होते. तुझ्यावर राग होता म्हणून मी बोलले नाही, आणि नंतर भीती होती म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हे सगळं तो लिहून देणार आणि रक्षिता त्याची नवी दोरी वळणार, ही धास्ती होतीच. रोज आईचा फोन यायचा, आणि रोज मी काहीतरी थाप मारायचे.

पुढच्या रविवारी वर्गात गेले ती शिक्षा घ्यायच्या तयारीने. रक्षिताने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. भाऊ गेल्यावर मी किती शांत झाले, म्हणाली. माझ्या नोंदीवर आठवडाभर एकच शेरा येतोय, विशेष काही नाही.

मी मान खाली घालून बसले, कारण चेहरा सांभाळता येत नव्हता. प्रणीत लिहीत नव्हता. त्या लोकांत राहून, त्यांच्यापासून, तो पहिल्यांदा काहीतरी लपवत होता.

मंगळवारी सकाळी मी कारखान्यात असताना रक्षिताचा फोन आला. आवाजातली माया पार गेलेली. प्रणीत तुझ्याकडे आलाय का, सोमवारी सकाळी फिरायला म्हणून गेला तो परतला नाही, आणि तू नोंदीत नेमकं बोलतेस तरी काय, असं एका दमात विचारलं. तिला काहीच दिसत नव्हतं. मी फोन ठेवला आणि निपाणीला लावला.

आई म्हणाली, काल रात्री आलाय, वाळलाय नुसता. परदेशाचं काय झालं विचारलं तर बोलत नाही. आल्या आल्या कपाटाची किल्ली मागितली, अप्पांची फाईल काढली, आणि तेव्हापासून एक कागद घेऊन बाहेरच्या सोप्यात बसलाय. रडला खूप. आता रडत नाही.

मी म्हटलं, त्याला फोन दे.

तिकडे आईने फोन पुढे केल्याचं ऐकू आलं, मग तिचा हळू आवाज, घे की, अक्का आहे. मग आईच पुन्हा बोलली.

"नको म्हणतोय गं. तुझं नाव काढलं की उठून आत जातोय. काय केलीस तू त्याला?"

"सांगते नंतर," मी म्हटलं, आणि जीभ चावली. "नाही, आत्ताच सांगते आई. तू खाली बस."