तीन मापांचे पाय

मांडीतून पाय गेलेल्याचं वजन उरलेल्या टोकावर नाही, बसायच्या हाडावर तोलायचं असतं. आमचे उस्ताद सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची मांडीवर बसणारी वाटी, चढवल्यावर तिच्या मागच्या कडेवर बोट ठेवायला लावत. "हाडानं बोट दाबलं? नाही ना? मग काढ, पुन्हा कर." एकेकाच्या मांडीच्या साच्यावर आमचे तीन-तीन दिवस जायचे, हातांना प्लास्टरच्या भेगा पडायच्या. पण ते दिवस स्वच्छ होते.

उस्ताद गेले आणि केंद्रावर साहेब आले. त्यांना प्लास्टरच्या चिखलाची शिसारी. त्यांनी तयार सॉकेटं मागवली: लहान, मध्यम, मोठं. देणगीदारांसमोर एका दिवसात साठ पाय वाटायचे होते.

त्यात एक शिंपीण होती. मला म्हणाली, "मावशी, टेबलाशी उभं राहता आलं की झालं. बसून कापलं की कापड वाकडं जातं." मध्यम तिला चढेना, मोठ्यात ती खाली सरके. मी बोट ठेवलं, हाड लागलंच नाही.

"साहेब, हिचं माप घ्यायला हवं."

"मोजे घाला हो! स्टेजवर दहा पावलं चालायचंय."

मी तिच्या उरलेल्या मांडीवर एकावर एक तीन मोजे चढवून मोठं बसवलं. मी, उस्तादांच्या हाताखालची!

"एवढं ढगळ मी शिवलं, तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल," शिंपीण हसत म्हणाली. दहा पावलं चालली. टाळ्या पडल्या.

बाराव्या दिवशी ती आली. रोज दिवसभर टेबलाशी उभी राहिली होती. मोजा मांसाला चिकटलेला. पाण्यानं भिजवून सोडवला, तर पू, रक्त आणि तो वास. चाळीस वर्षांत मी कधी नाकाला पदर लावला नव्हता. त्या दिवशी मला उमासे आले, पण जखमेमुळे नाही. दारात साहेब रुमाल धरून म्हणत होते, "ही माणसं स्वच्छताच ठेवत नाहीत."

डॉक्टरांनी आणखी चार बोटं हाड कापलं. उरलं ते इतकं तोकडं, की त्यावर कुठलाच पाय बसणार नव्हता. आता दोन कुबड्या. उभं राहिलं तर कात्रीला हात मोकळा नाही. हे तिला मीच सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी साहेबांनी तो पाय माझ्यापुढे टाकला. "धुऊन ठेवा, दुसऱ्या कुणाला तरी होईल."

मी धुतला. सॉकेटच्या कडेतला वाळलेला पिवळा थर नखानं खरवडून काढला.

"वा मावशी," साहेब म्हणाले, "अगदी नव्यासारखा!"