मी फिरलो नाही

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुणाची माफी मागणार नाही. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मी दगा दिला, असं आमच्या चुडावा गावात सगळे म्हणतात. खरं काय झालं, ते माझ्याकडून ऐका.

पूर्णेच्या बन्सीधर मिस्त्रींनी मला घडवलं. जाड पत्रा, तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत गवत. सिद्धोधन गुरुजींच्या घरी मी बारा उन्हाळे काढले. तापत्या दुपारी माझ्यासमोरच्या जागेसाठी घरात भांडणं व्हायची. पण जून सरला की मी मागच्या भिंतीला, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, म्हणजे पळाटीच्या, ढिगाशेजारी. डोक्यावर कांद्याचं पोतं. मग नऊ महिने कुणी ढुंकूनही बघत नसे. रिकाम्या घरात कुणीतरी शिरणारच! यंदा गांधीलमाश्या शिरल्या आणि पंख्याच्या मागे त्यांनी मुठीएवढं पोळं बांधलं. त्यांनी कुणाचं घोडं मारलं नव्हतं.

मला काळजी होती ती रोहिणीची, गुरुजींच्या बायकोची. मागच्या दिवाळीत कापूस वेचताना तिला एक गांधीलमाशी डसली, तर तोंड सुजून श्वासच अडकला. नांदेडला नेलं म्हणून वाचली. पुन्हा डसली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मार्चअखेरीस मला त्याच भिंतीतल्या खिडकीला, बाहेरून स्टँडवर चढवलं. आत रोहिणीची बाज. जाळी कुणी उघडली नाही. आमच्याकडे कूलर आधी चालू करून बघतात आणि मग पुसतात. गुरुजींनी बाहेरचं बटण दाबलं, तेव्हा रोहिणी बरोबर माझ्या तोंडासमोर बसली होती.

मी फिरलो असतो, तर सगळ्या माश्या तिच्या अंगावर गेल्या असत्या. मी फिरलो नाही. पाती गंजली होती, असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणा. मी अडून बसलो, एवढंच मला माहीत आहे.

"मेला वाटतं हा," म्हणत गुरुजींनी माझ्या कुशीत दणकून थाप मारली. बारा वर्षांची सवय! आत एकच गोंधळ उडाला. दोन माश्या गुरुजींच्या मनगटाला डसल्या, एक खिडकीतून खोलीत शिरली.

"अहो, थाप मारू नका! बटण बंद करा, गांधीलमाश्या हायत!" रोहिणी आतून म्हणाली. तिने हात झाडले नाहीत की आरडाओरडा केला नाही. पदर तोंडावर घेऊन सावकाश उठली, पुढच्या दारानं बाहेर पडली आणि मागे दार ओढून घेतलं. त्या बाईचा मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात शेजारचे लिंबाजी काठीला डिझेलची चिंधी गुंडाळून धावत आले. "सरका गुरुजी, एका झटक्यात जाळून टाकतो!"

माझ्या पोटात वाळलेलं गवत आणि खाली पळाटी. एक ठिणगी पुरे होती.

"लिंबाजीभाऊ, माश्या जाळायलात का आमचं घर?" रोहिणी लांबूनच कडाडली. "ठेवा ते खाली. पालमच्या बालाजीमामाला फोन लावा. मोहोळ काढायचं त्यांचंच काम हाय."

बालाजीमामा दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे आले. गारव्यात माश्या सुस्त असतात. जाड कपडे, हातमोजे, तोंडावर जाळी. घरच्यांना त्यांनी लांब उभं केलं, पोळ्यावर पिशवी चढवली, देठ कापला आणि ते दूर ओढ्याकाठच्या झाडीत नेऊन ठेवलं. कुणालाही माशी डसली नाही.

तरी गुरुजींनी मला भंगारात काढलंच. "लय जुना झालाय," म्हणाले.

"ह्यो फिरला असता तर आज मी नसते," रोहिणी म्हणाली. "ह्याला कुठंच द्यायचं न्हाई. पात्याला तेल द्या."

तेल दिलं. आता मी मस्त फिरतो.

म्हणूनच मित्रांनो, मला गंजका म्हणा, हट्टी म्हणा, माझं काही बिघडत नाही. पण मला बाहेर काढाल, तेव्हा आधी लांबून जाळ्यांकडे नीट बघा. माश्या ये-जा करताना दिसल्या तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. कारण आता माझी पाती मोकळी आहेत. बटण दाबलं की मी फिरणारच.